दुखणं सोबत असताना वजनासाठी चालायचं कसं

गुडघा, कंबर, टाच किंवा सगळं अंगच वर्षानुवर्षं दुखत असलं, की ओपीडीतून निघताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "वजन कमी करा, रोज चालत जा." किती चालायचं, कुठे चालायचं, चालल्यावर दुखलं तर काय करायचं हे विचारायला सवड नसते, कारण मागे रांग असते. मग माणूस सोमवारी हुरुपाने शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारतो, मंगळवारी पलंगावरून उठताना कळवळतो आणि पुढचे पंधरा दिवस घरीच बसतो. वजन जिथल्या तिथे राहतं आणि वर "मला चालणं झेपत नाही" अशी खूणगाठ मनाशी बसते. माझी स्वतःची कंबर कित्येक वर्षं दुखते आहे आणि आमच्या इमारतीत तर घरटी एक तरी गुडघेदुखी आहे. म्हणून हे जरा तपशिलात लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. आज किती चालायचं हे आज किती बरं वाटतंय यावरून ठरवू नका. काल जेवढं चाललात त्याचं आज सकाळी काय झालं, यावरून ठरवा. पुढचं सगळं याच एका नियमाभोवती आहे.

आधी डॉक्टरांना दाखवायच्या गोष्टी

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट दुखणं म्हणतात. अशा दुखण्यात हळूहळू चालणं बहुतेकांना चालतं, पण काही लक्षणं असतील तर चालण्याआधी तपासणी हवी. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप लागणं. एकाच पोटरीला सूज येऊन ती गरम लागणं. सांधा लाल होऊन सुजणं आणि सोबत ताप. पाऊल उचलताना लुळं पडणं. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यात तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. काहीही न करता वजन उतरत असेल आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर तेही दाखवा.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते, नुसतं उभं राहिलं की सुटते, पुन्हा चाललं की पुन्हा आवळते, असं होत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्यायला हव्यात. मधुमेही आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. नुसत्या उभं राहण्याने नाही, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटत असेल तर कारण बऱ्याचदा मणक्यात असतं.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा आणि उपाशीपोटी चालायला जाऊ नका.

फिजिओथेरपिस्टला एकदा तरी भेटता आलं तर फार बरं. मुंबई महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत, म्हणजे केईएम, सायन, नायरमध्ये, फिजिओथेरपीचे विभाग आहेत. हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था 1955 पासून हेच काम करते आहे. जाताना "मला दुखतं" एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी दुखायला लागतं, कशाने थांबतं, दुसऱ्या दिवशी किती उरतं हे सांगा. पुढे जी नोंद ठेवायला सांगणार आहे, ती इथे कामी येते.

चालण्याने किती वजन उतरतं

हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण इथेच बरेच जण निराश होतात. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास सावकाश चालला तर साधारण 100 कॅलरी खर्च होतात. एका वडापावात याच्या जवळपास तिप्पट असतात. एक किलो चरबी उतरायला अंदाजे 7700 कॅलरींची तूट लागते. म्हणजे खाणं तसंच ठेवून महिनाभर रोज अर्धा तास चाललात, तर अर्धा किलोही उतरणार नाही.

मग चालायचं कशाला? एक तर दुखऱ्या माणसाचे स्नायू बसून बसून झिजतात, सांधे आखडतात, झोप बिघडते आणि त्यामुळे दुखणं आणखी जाणवतं. चालणं हे चक्र उलटं फिरवतं. दुसरं, उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात चालण्याचा वाटा मोठा आहे. तिसरं कारण गुडघेदुखीवाल्यांसाठी: वजन जास्त असलेल्या, गुडघ्याची झीज झालेल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात एक किलो वजन कमी झाल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी झाल्याचं दिसलं. दिवसभरात किती पावलं पडतात याचा विचार केला की दोन किलोही किती मोलाचे आहेत ते कळतं.

लक्ष्य म्हणून सध्याच्या वजनाचे पाच टक्के धरा. ऐंशी किलो असाल तर चार किलो, तेही चार-सहा महिन्यांत. भारतीयांसाठी पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात, म्हणून काट्यासोबत शिंप्याची टेपही वापरा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर करा.

सुरुवातीचा आकडा काढा

तीन साधे दिवस निवडा. लग्न, प्रवास किंवा घरात पाहुणे असलेले दिवस नकोत. तिन्ही दिवस सपाट जागी नेहमीच्या चालीने चाला आणि दुखणं नेहमीपेक्षा वाढायला लागल्याची पहिली जाणीव झाली की थांबा. असह्य होईपर्यंत ताणायचं नाही. किती मिनिटं झाली ते लिहा. समजा 8, 12 आणि 7 मिनिटं आली. सरासरी 9. त्यातला पाचवा भाग वजा करा, राहिली साधारण 7 मिनिटं. हा तुमचा सुरुवातीचा आकडा.

सात मिनिटं ऐकून वाईट वाटतं. पण सात मिनिटं सकाळी, सात दुपारच्या जेवणानंतर थोड्या वेळाने आणि सात संध्याकाळी चाललात तर दिवसाला एकवीस मिनिटं आणि आठवड्याला जवळपास दीडशे मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तुमची चाल सावकाश असेल, तेव्हा हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण थोडंसं चालणंही काहीच न चालण्यापेक्षा बरं, हे तीच संघटना सांगते. दिवसातून तीनदा जमत नसेल तर दोनदा. आकडा तीन मिनिटांचा आला तर तीन मिनिटांपासून सुरू करा.

पहिला आठवडा आकडा बदलायचा नाही. हे सगळ्यांत अवघड जातं, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी छान वाटायला लागतं आणि वाटतं, अजून एक फेरी मारूया. नका मारू. बरं वाटलेल्या दिवशी जास्त आणि वाईट दिवशी शून्य, ही पद्धतच दुखणं चिघळवते. उलट जरा जड वाटणाऱ्या दिवशीही, वर सांगितलेली लक्षणं नसतील तर, निम्मं तरी चाला.

आठवडा नीट गेला की प्रत्येक खेपेला एक मिनिट वाढवा. पुढच्या आठवड्यात आणखी एक. दुखणं जागचं हलत नसेल तर दोन आठवडे एकाच आकड्यावर राहिलात तरी काही बिघडत नाही. खेप वीस मिनिटांवर गेली की खेपांची संख्या कमी करू शकता. वेग मात्र सगळ्यात शेवटी वाढवायचा.

दहा हजार पावलांचा धाक मनातून काढून टाका. तो आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाला. तुमची आजची पावलं अठराशे असतील तर पुढच्या आठवड्यात दोन हजार, एवढंच बघायचं.

दुखणं मोजा आणि लिहून ठेवा

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट दुखणं. चालण्याआधी तुमचं रोजचं दुखणं समजा तीन असतं. चालताना ते पाचपर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीनवर आलं, तर चाललेलं ठीक. सकाळीही पाचच असेल तर आज एक चतुर्थांश कमी चाला. चालतानाच कळ अचानक तीक्ष्ण झाली, गुडघा अडकला किंवा निसटल्यासारखा वाटला, मुंग्या पायाच्या खाली खाली सरकायला लागल्या, तर तिथेच थांबा आणि रिक्षाने घरी या.

जुनाट दुखण्यात दरवेळी दुखलं म्हणजे आत नवीन काही मोडलं असा अर्थ होत नाही. बराच काळ दुखत राहिल्याने मज्जासंस्था जास्त संवेदनशील होते आणि थोड्या हालचालीलाही मोठा इशारा देते. त्याच मापाचं, न घाबरता केलेलं रोजचं चालणं तिला हळूहळू शांत करतं. म्हणून आकडा स्थिर ठेवण्यावर मी एवढा भर देते आहे.

नोंद ठेवायला ॲप लागत नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे आणि त्यात रोजच्या चौकटीत पेन्सिलीने तीन आकडे असतात: एकूण मिनिटं, रात्रीचं दुखणं, दुसऱ्या सकाळचं दुखणं. एखाद्या चौकटीत बाजूला "जिने" किंवा "मटार सोलले, खूप वेळ बसले" असंही लिहिलेलं असतं. महिन्याचं पान उलटताना त्यांना जे दिसतं ते कुठल्याही एक्स-रेत दिसत नाही: चालल्याने नाही, तर चालणं आणि बँकेचे जिने एकाच दिवशी आल्याने त्यांचं दुखणं वाढतं.

मुंबईत कुठे चालावं

जागा निवडताना चार गोष्टी बघा: सपाट आहे का, मध्ये बसायला मिळतं का, हवं तेव्हा मागे फिरता येतं का आणि जवळपास स्वच्छतागृह आहे का.

सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यात चांगली जागा म्हणजे घराबाहेरचा पॅसेज, चाळीची गॅलरी किंवा सोसायटीचा पोडियम. काकू गॅलरीतच चालतात. सकाळी दूधवाला येऊन गेला की शेजाऱ्यांचे चपलांचे स्टँड भिंतीला सरकवायचे, एका हाताला कठडा, टोकाला प्लॅस्टिकची खुर्ची. कुणी विचारलं, "काकू, एवढ्याशा जागेत?" तर म्हणतात, "अगं, दार माझ्या हाताशी आहे, दुखलं की आत." त्यांनी हे एका वाक्यात बरोबर पकडलंय. घरापासून लांब जाऊन दुखणं उठलं तर परतीचं चालणं सक्तीचं होतं.

बाहेर पडायचं झालं तर शिवाजी पार्क दुखऱ्या माणसाला सोयीचं, कारण मैदानाभोवती कट्टा आहे आणि जिथे थकाल तिथे बसता येतं. मात्र एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. अर्ध्यावर दमलात तर पुढे आणि मागे सारखंच अंतर, म्हणून पूर्ण फेरीचा आग्रह न धरता घड्याळ लावून अर्धा वेळ झाला की मागे वळा. मरीन ड्राइव्हवरही हाच नियम. साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त असा तो सपाट रस्ता समुद्राच्या वाऱ्यात पुढे पुढे ओढत नेतो. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला सावली भरपूर आहे, छोट्या छोट्या बागा असल्यामुळे छोट्या फेऱ्या जमतात. वरळी सी फेस, वांद्र्याचा कार्टर रोड आणि जॉगर्स पार्क इथे चालण्यासाठी वेगळी जागा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हवा उत्तम, पण कान्हेरीकडे जाणारा रस्ता चढत जातो. गुडघेदुखीवाल्यांनी प्रवेशद्वाराजवळच्या सपाट भागातच राहावं, कारण उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो.

जुहू किंवा दादर चौपाटीच्या वाळूत सुरुवात नको. भुसभुशीत वाळूत पोटरी आणि टाच ओढली जाते, आणि पाण्याजवळची घट्ट वाळू एका बाजूला उतरती असल्याने एक पाय सतत खाली पडतो. टाचदुखी आणि कंबरदुखीला हे बाधतं. फुटपाथवरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक हा आणखी एक धोका. पहाटे अंधारात ते दिसत नाहीत, म्हणून उजाडल्यावरच निघा.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रेल्वेचा पूल, मस्जिद किंवा दादरचे जिने, गर्दीत उभं राहून केलेला तासाभराचा प्रवास, हे सगळं तुमच्या शरीराने आधीच मोजलेलं असतं. "एक स्टॉप आधी उतरा" हा सल्ला धडधाकट माणसासाठी ठीक आहे. तुम्ही आधी सरकता जिना आणि लिफ्ट वापरून जिने कमी करा, मेट्रो जवळ असेल तर तिथल्या लिफ्टचा फायदा घ्या आणि वाचलेली ताकद सपाट चालण्यात घाला. जिना टळत नसेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर.

जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या आवारात चालू नका. पॅसेज किंवा मॉलची कोरडी, सपाट फरशी बरी. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चढण्याआधी किंवा सूर्य मावळल्यावर निघा आणि पाणी सोबत ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळची हवा बऱ्याचदा धुरकट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक बघा. 200 च्या वर असेल तर, विशेषतः दमा किंवा हृदयविकार असेल तर, त्या दिवशी घरातच चाला.

पायात काय, हातात काय

सपाट चप्पल किंवा झिजलेली फ्लोटर घालून वजनासाठी चालू नका. टाचेला गादी असलेले, मागून पाय घट्ट धरणारे, पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा असलेले बूट घ्या. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप मिळतं. मधुमेह असेल तर घरातही अनवाणी नको, आणि रोज रात्री तळवे आरशात बघा.

काठी घ्यायला संकोच वाटतो, पण एका गुडघ्याचं किंवा खुब्याचं दुखणं असेल तर काठीने चालण्याची मिनिटं वाढतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायासोबतच पुढे टाकायची. हात सरळ सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. एका खांद्यावर जड पर्स घेऊन मात्र चालू नका.

निघण्याआधी खुर्चीत बसून घोटे गोल फिरवा, पाय सरळ करून मांडीचा स्नायू पाच सेकंद आवळा, पाच-सहा वेळा खुर्चीतून उठबस करा. पहिली दोन मिनिटं अगदी सावकाश. पावलं लहान ठेवा. लांब ढांगेत गुडघ्याला आणि कमरेला जास्त धक्का बसतो. हात मोकळे, नजर तीन-चार मीटर पुढे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

दुखण्याप्रमाणे थोडे फरक

मणक्याची जागा अरुंद झाली असेल तर दर काही मिनिटांनी दोन मिनिटं बसून पुढे वाका, मग पुन्हा चाला. थांबत थांबत चाललेलंही पूर्ण मोजायचं. टाचदुखीत सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट असतं, म्हणून पलंगावरच पोटरी ताणून घ्या आणि चालणं दुपारनंतर ठेवा. संधिवातात आणि चिकनगुनियानंतरच्या सांधेदुखीत सकाळचा आखडलेपणा बराच वेळ टिकतो. त्यांनीही घाई न करता अंग मोकळं झाल्यावर निघावं. सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी त्याला विश्रांती. अंगभर दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियात मिनिटं दर आठवड्याऐवजी दर दोन-तीन आठवड्यांनी वाढवा.

पेनकिलर घेऊन जास्त चालण्याची युक्ती करू नका. दुखणं दबलं की तुमचं मोजमापच हरवतं, आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्याने पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम होतो. डॉक्टरांनी नियमित दिलेलं औषध चालू असेल तर ते घेऊन चालायला हरकत नाही.

प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, स्टेरॉइड, या औषधांनी काहींचं वजन वाढतं. मनाने बंद करू नका, एकदम सोडल्याने त्रास होतो. "हे घ्यायला लागल्यापासून वजन वाढलंय, दुसरा पर्याय आहे का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा.

ताटातला हिशेब

वजन मुख्यतः इथे उतरतं. दुखऱ्या माणसाने उपास किंवा फक्त ज्यूसवर राहण्याच्या भानगडीत पडू नये, स्नायू आणखी घटतात. घरातलं तेल मोजा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज साधारण 33 मिली, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी होतात. तीन लिटरवर आणलं तर माणशी रोज सत्तरच्या आसपास कॅलरी वाचतात, आणि भाजीची चव फारशी बदलत नाही. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर असेल तर साखरेच्याच 160 कॅलरी झाल्या. आधी कप दोनवर आणा, मग साखर एका चमच्यावर. चहासोबतची खारी-टोस्ट बंद करता आली तर चालण्याइतकाच फायदा होतो.

दर जेवणात उसळ, घट्ट वरण, दही, अंडं किंवा मासा यांतलं काहीतरी हवंच. पोळी-भात निम्मा करण्यापेक्षा एक पोळी कमी आणि एक वाटी उसळ जास्त, हे टिकतं. सकाळच्या ग्रुपसोबत चालून झाल्यावर उडप्याकडे बसायची सवय असेल, तर इडली-सांबार मागवा, मेदूवडा नको.

दुखणं उसळलं तर

उसळणारच. गौरी-गणपतीत तासन्तास उभं राहून मोदक वळले, पाऊस सुरू झाला, झोप झाली नाही, ताप येऊन गेला. पहिल्या दोन दिवसांत चालणं निम्म्यावर आणा, पण पूर्ण थांबवू नका. घरातल्या घरात दर तासाला दोन मिनिटंही चालतील. शेक ज्याने बरं वाटेल तो घ्या, गरम किंवा गार. या दिवसांत वजनाच्या काट्यावर उभं राहू नका.

दुखणं रोजच्या आकड्यावर आलं की जिथे थांबलात तिथून सुरू न करता दोन आठवड्यांपूर्वीचा आकडा धरा आणि पुन्हा दर आठवड्याला एक मिनिट वाढवा. आठवडाभर निम्म्यावर राहूनही दुखणं उतरत नसेल किंवा दुखण्याची जात बदलली असेल, म्हणजे ठणका होता तिथे जळजळ आली, एका पायात होतं ते दुसऱ्यात गेलं, तर कॅलेंडरचं पान सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.